हरून आलेल्या लेकराला आधी जेवू घाला

मार्च संपत आला की नागपुरात रेशीमबागेपासून मानकापूरपर्यंत उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. क्रिकेट, बॅडमिंटन, स्केटिंग, बुद्धिबळ, धनुर्विद्या. तुम्हीही एखादा फॉर्म आणला असेल. चांगले केले. मूल मोबाइल ठेवून मैदानावर जाते, याचा आनंदच आहे.

शिबिर मे महिन्यात संपते. मग सर सांगतात, "पोरात दम आहे. ॲकॅडमीत टाका." किट येते. ट्रायल येतात, टूर्नामेंट येतात. घराचे जेवणखाण, सुट्ट्या, आजोळ, सगळे त्या वेळापत्रकाला बांधले जाते. इथून पुढे आईवडिलांनी कसे वागावे, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यासाठी हे चार शब्द.

नागपूरच्या घरांना स्वप्ने पडावीत असेच सध्या घडते आहे. दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बातुमी शहरात कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळातला महिलांचा विश्वचषक जिंकला. १९ व्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीतला जगज्जेता झाला, अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन. मालविका बनसोडने २०२२ मध्ये बॅडमिंटनमध्ये साईना नेहवालला हरवले. विदर्भाने तिसरा रणजी करंडक २०२५ मध्ये नागपूरच्या जामठ्यालाच उचलला. अभिमान वाटायलाच हवा.

पण या पोरांच्या गोष्टी नीट ऐका. दिव्याची थोरली बहीण बॅडमिंटन खेळायची. दिव्या तेव्हा पाच वर्षांची, तिला काही ते जमेना. त्याच आवारात बुद्धिबळ शिकवत होते, तिथे ती रमली. घरच्यांनी ठरवून केलेली ही निवड नव्हती. पोरगी कुठे रमते ते त्यांनी पाहिले आणि तिला तिथे राहू दिले.

आता क्रिकेटपटू उमेश यादव बघा. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या खाण कामगाराचा हा मुलगा. विशीच्या उंबरठ्यापर्यंत तो टेनिस बॉलनेच खेळत होता. पोलीस भरतीचाही प्रयत्न करून झाला होता. लेदर बॉल हातात आला तो त्यानंतर. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये भारताकडून कसोटी.

एक पाचव्या वर्षी सुरू झाली, एक विशीत. म्हणून "आत्ता नाही टाकले तर वेळ निघून जाईल" असे सांगून कोणी तुमच्याकडून पुढच्या तीन वर्षांची फी घेत असेल, तर थांबा. महिन्याची भरा. मूल टिकते का, हसत येते का, ते पाहा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

मूल हरते. तो दिवस कसा जातो यावर पुढचे बरेच काही ठरते. मॅच संपली की मूल तुमच्या गाडीवर मागे बसते. दमलेले असते. रडू दाबून धरलेले असते. आणि पुढून आवाज येतो, "काऊन बे, एवढी सोपी कॅच सोडली? कुठे पाहून राहिला होता?" घर येईपर्यंत पूर्ण मॅच पुन्हा खेळून होते. मागे बसलेले लेकरू उतरूही शकत नाही.

तुमचा हेतू चांगलाच असतो. सुधारणा व्हावी, एवढेच मनात असते. पण दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या मुलाला मेहनत, कुवत आणि नशीब यांतला फरक नीट उलगडत नाही. समोरचा आज चांगला खेळला, हे त्याला तुमच्यासारखे कळत नाही. आपण हरलो म्हणजे आपणच वाईट, असे त्याला वाटते. त्यात बाबा रागावले की त्याची खात्री पटते.

म्हणून असे करा. गाडीवर खेळाचा विषय काढू नका. "भूक लागली का?" एवढेच विचारा. घरी नेऊन जेवू घाला. आंघोळ होऊ द्या. झोपू द्या. मूल स्वतःहून बोलले तर ऐका. ऐकताना मध्ये सल्ला घालू नका. चूक दाखवायची असेल तर ती दुसऱ्या दिवशी सरांना सरावात दाखवू द्या. ते त्यांचे काम आहे. हरल्यावरही घरात आपली जागा तीच आहे, हे मुलाला कळणे तुमच्या हातात आहे.

जिंकल्यावरही जरा बेताने घ्या. "आमची चॅम्पियन आली" म्हणून पाहुण्यांपुढे उभे करणे, प्रत्येक पदकाचा फोटो सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणे, याचे ओझे होते. पुढच्या वेळी पदक नसेल तर फोटोही नसेल, हे मुलाला बरोबर समजते.

कल्याणच्या प्रणव धनावडेची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. जानेवारी २०१६ मध्ये शाळेच्या सामन्यात या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. देशभर नाव झाले. मुंबई क्रिकेट संघटनेने महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे धावा तशा होईनात. २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनीच संघटनेला कळवले की शिष्यवृत्ती थांबवा. हे वडील रिक्षा चालवणारे. घरी येणारा पैसा त्यांनी स्वतःहून नको म्हटला. त्या हजार धावांचे ओझे पोराच्या खांद्यावर किती होते, हे त्यांच्याइतके कोणाला दिसणार? मला त्या वडिलांबद्दल फार आदर वाटतो.

स्पर्धा वाईट आहे, असे मी म्हणत नाही. स्पर्धेतून मूल पुष्कळ शिकते. वेळेवर उठते. पंचाचा निर्णय मान्य करते. दुसऱ्या मोहल्ल्यातली, दुसऱ्या शाळेतली मुले मित्र होतात. पोटात गोळा आलेला असतानाही कोर्टवर उतरते. मुलींना तर याचा फार उपयोग होतो. गर्दीसमोर उभे राहून जोरात "माझा पॉइंट" म्हणणारी मुलगी पुढे कुठेही दबत नाही. हे सगळे मिळते, पण स्पर्धा वयाला झेपेल एवढीच असली तर.

नॉर्वे हा लहानसा देश. बर्फावरच्या खेळांत जगाच्या पुढे. २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी १६ सुवर्णपदके घेतली. आणि या देशाचा नियम असा, की ११ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत निकालाची क्रमवारी लावायची नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद तेराव्या वर्षापर्यंत नाही. जपानच्या ज्यूदो संघटनेने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. मोठ्यांना जिंकण्याची एवढी घाई झाली होती, की इवल्या मुलांना वजन उतरवायला लावत होते आणि काठावरून पंचांवर ओरडत होते. ज्यूदो त्यांच्या मातीतला खेळ. तरीही त्यांनी हे केले.

आपल्याकडे असा नियम नाही. म्हणून तो घरात करा. दहा वर्षांच्या आतले मूल असेल तर कितवा नंबर आला हे विचारू नका. कोणाबरोबर खेळलास, काय नवीन जमले, ते विचारा.

आता शरीराचे.

वाढत्या मुलाच्या हाडांची टोके कोवळी असतात. तिथूनच हाड लांब होते. मुलींची उंची साधारण १० ते १२ वर्षांत झपाट्याने वाढते, मुलांची १२ ते १४ मध्ये. या काळात हाडे आधी लांबतात, स्नायू मागून येतात. त्यामुळे ताण पडतो. गुडघ्याखाली समोरचा उंचवटा दुखतो. टाच दुखते. फास्ट बोलिंग करणाऱ्या पोरांची कंबर दुखते. कधी कधी तिथल्या मणक्याला बारीक तडाही जातो.

विदर्भात संत्र्याचे कलम लावणारा शेतकरी पहिली काही वर्षे झाडाला फळ धरू देत नाही. आधी झाड उभे राहू देतो. लेकरांच्या बाबतीतही तेवढा धीर धरा.

दुखणे दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिले, मूल लंगडू लागले, सूज आली, रात्री दुखण्याने जाग आली, किंवा दुखते म्हणून बोलिंगची ॲक्शनच बदलली, तर हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. स्प्रे मारून, पट्टी बांधून, गोळी देऊन मॅचला उतरवू नका. "फायनल आहे, एवढी खेळून घे" असे कोणी म्हणाले तर तुम्ही नाही म्हणा. मूल स्वतः नाही म्हणणार नाही. त्याला संघातून बाहेर पडायची भीती असते.

एक अडचण अशी, की मूल एकूण किती खेळले याची बेरीज कोणीच करत नाही. शाळेचे सर शाळेपुरते पाहतात, ॲकॅडमीचे ॲकॅडमीपुरते. रविवारी क्लबची मॅच असते. संध्याकाळी टर्फवर बॉक्स क्रिकेट असते. बेरीज घरातच होऊ शकते. दोनशे पानी वही आणा. रोज एक ओळ लिहा: आज किती तास, किती ओव्हर, कुठे दुखले. आजी-आजोबाही हे करू शकतात. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने १४-१५ वर्षांच्या वेगवान गोलंदाजांसाठी एका दमात ६ आणि दिवसाला १२ ओव्हर अशी मर्यादा घालून दिली. आपल्या वहीतला आकडा याच्या फार पुढे जात असेल तर ती वही घेऊन सरांना भेटा. चांगले सर रागावत नाहीत.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. वर्षात एकेक महिना करून तीन महिने त्या खेळापासून विश्रांती. आणि एकाच खेळात पूर्ण उतरणे शक्यतो १५-१६ वर्षांपर्यंत लांबवायचे. तोवर क्रिकेटवाल्याने पोहावे, बॅडमिंटनवालीने कबड्डी खेळावी. बुद्धिबळात हाडांवर ताण नाही, तिथे लवकर सुरुवात चालते. पण बुद्धिबळवाल्या मुलालाही रोज तासभर अंगणात धावू द्या.

नागपूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगावा? मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. शिबिर पहाटे सुरू होऊन साडेआठच्या आत संपणारे निवडा. दुपारची मॅच, मग ती कितीही मोठी असो, सोडून द्या. प्लास्टिकच्या टर्फवर तर गवतापेक्षा जास्त तापते. बाटलीत पाणी द्या, परत आल्यावर पन्हे किंवा मीठ घातलेला मठ्ठा. मूल गरगरते म्हणाले, उलटी झाली, असंबद्ध बोलू लागले, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

झोपेचा हिशेबही करा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज किमान ९ तास झोप लागते, त्यापुढच्या वयात किमान ८. पाचला उठायचे असेल तर आठला झोपायला हवे. आणि तुमचे मूल नऊला ट्यूशनवरून येते. हे जुळत नाही. काहीतरी कमी करावेच लागेल. झोप कमी करू नका. कमी झोपलेल्या मुलाला दुखापत लवकर होते, ते चिडचिडे होते, वर्गात पेंगते. मग आपण म्हणतो खेळामुळे अभ्यास बुडाला.

अभ्यास आणि खेळ यांचे वैर नाही. मालविका बनसोडने दहावी-बारावीला ९० टक्क्यांच्या वर गुण घेतले आणि इंजिनिअरिंगही केले. सगळ्यांना ते जमेल असे नाही. पण दहावीतच शाळा सोडवून दिवसभर मैदानावर ठेवण्याचा निर्णय घेताना दहादा विचार करा. हाताशी शिक्षण असले की मुलाला हरण्याची भीती कमी वाटते.

काही मुले बारा-तेरा वर्षांची असताना ट्रायलमध्ये सारखी मागे पडतात. आईवडील खचतात. एक गोष्ट पाहा. अंडर-१४ मध्ये उभी असलेली दोन मुले वर्षभराने लहानमोठी असू शकतात. शिवाय एकाला मिसरूड फुटलेले असते, दुसरा अजून बाळच असतो. निवडणाऱ्याला उंच, दांडगा पोरगा आधी दिसतो. दोन-तीन वर्षांत मागची मुले वाढतात आणि हा फरक पुष्कळदा मिटतो. अंडर-१४ च्या यादीत नाव नाही म्हणजे पोरात काही नाही, असा अर्थ काढू नका. आणि नाव आले म्हणून नोकरी सोडून पुण्या-मुंबईला घर हलवू नका.

याच कारणाने काही जण जन्मतारीख बदलतात. हे अजिबात करू नका. क्रिकेट मंडळ मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहते. खोटेपणा निघाला तर दोन वर्षांची बंदी येऊ शकते. राहुल द्रविड यांनी २०१५ च्या पतौडी व्याख्यानात वयचोरी आणि फिक्सिंग यांत फरक तो काय, असाच प्रश्न विचारला होता. मुलाला रोज नवे वय तोंडपाठ करायला लावणे, हा त्याला लहानपणीच दिलेला खोटेपणाचा धडा आहे. खेळाडूंना दहावी-बारावीत वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. ते खेळून मिळवावे. पैसे घेऊन सर्टिफिकेट देणाऱ्याच्या दारात जाऊ नका. अशी बोगस प्रमाणपत्रे आपल्या राज्यात पकडली गेली आहेत आणि लागलेल्या नोकऱ्या त्यात गेल्या आहेत.

कुस्ती, ज्यूदो, बॉक्सिंग, तायक्वांदो या खेळांत वजनाचा गट असतो. वजन उतरवायला मुलाला उपाशी ठेवू देऊ नका, पाणी तोडू देऊ नका. वरच्या गटात खेळू द्या. पावडरचे डबेही नकोत. दूध, अंडी, डाळ, भाकर, शेंगदाणे पुरतात. काही डब्यांत बंदी असलेली औषधे मिसळलेली असतात, आणि लहान मूलही तपासणीत दोषी ठरू शकते. मुलीची पाळी खेळामुळे काही महिने थांबली तर "बरे झाले, कटकट गेली" असे म्हणू नका. शरीराला अन्न कमी पडत असल्याची ती खूण असते. डॉक्टरांना दाखवा.

मुलींच्या आईवडिलांशी आणखी थोडे बोलायचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये दिव्या देशमुख नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथली स्पर्धा खेळून आली. तेव्हा ती १८ वर्षांची होती. तिने उघडपणे सांगितले, की लोक माझे केस, कपडे, बोलणे पाहतात, माझा खेळ पाहत नाहीत. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या वाट्याला हे येते. तुमच्या लेकीच्याही येईल. तेव्हा "कपडे नीट घाल" असे तिलाच ऐकवू नका. तिची बाजू घ्या.

मुलगा असो की मुलगी, सुरक्षिततेची चौकशी करायला संकोच करू नका. बाहेरगावी संघ जातो तेव्हा सोबत कोण आहे, मुलींसोबत बाई आहेत का, खोलीत कोण राहणार, हे आधी विचारा. सरांनी मुलाला एकट्याला रात्री मेसेज करणे, एकट्याला घरी बोलावणे, बंद खोलीत मालिश करणे, हे चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी हसतमुखाने पण स्पष्ट सांगा. सरावाला कधी कधी न कळवता जाऊन बसा. मूल अचानक त्या सरांकडे जायला नको म्हणू लागले तर आळशी म्हणून रागावू नका. दार लावून शांतपणे विचारा आणि जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा. मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो. तो मुलालाही पाठ करून द्या. ओरडणारे, शिव्या देणारे, हरल्यावर मुलांना उन्हात उभे करणारे सर कितीही नावाजलेले असले तरी आपले मूल त्यांच्या हाती देऊ नका.

शेवटी तो दिवस येतो, जेव्हा मूल म्हणते, "मला नाही खेळायचे."

पुष्कळ मुले तेरा-चौदाव्या वर्षी असे म्हणतात. तुम्ही फी भरलेली असते, रजा घेतलेल्या असतात, महागडी रॅकेट आणलेली असते. राग येणे साहजिक आहे. त्या दिवशी काही ठरवू नका. चालू असलेली स्पर्धा किंवा महिना पूर्ण करायला सांगा, कारण संघातली बाकी मुले अवलंबून असतात. मग महिनाभर सुट्टी द्या. त्या महिन्यात खर्चाची आठवण एकदाही काढू नका. हरण्याची भीती आहे, कोणी त्रास देते आहे, अंग दुखते आहे की खरेच मन उडाले आहे, हे हळूहळू कळेल. भीती असेल तर ती आपल्या बोलण्याने आली आहे का, हेही तपासा.

एवढे करूनही नको म्हणाले तर सोडू द्या. गल्लीत खेळू द्या, सायकल चालवू द्या, पोहू द्या. अंग हलत राहिले पाहिजे, पदकाचे पुढे पाहू. आणि ती रॅकेट लगेच विकू नका. मूल कधी मागेल तेव्हा काढून द्या. नाही मागितली, तरी तुम्ही विषय काढू नका.